बकऱ्याच्या पोटातली ऊब

पहिलेच सांगून देते, मी काही सोसून घेणारी बाई नाही. मी सत्तूर चालवते. देऊळघाटात आमचं मटणाचं दुकान आहे, अन् लग्न होऊन आली तेव्हापासून ठोकळ्यापाशी मीच उभी राहते. आमचा बुढा, म्हणजे माझा नवरा, बाजार फिरून बकरे आणते. रशीदभाई रोज सकाळी येऊन बकऱ्याच्या गळ्यावर सुरी फिरवून देते. त्याच्यापुढचं सगळं माझं. सोलणं, फाडणं, तोडणं. माझ्या तोंडाले लागायची गावात कोणाची हिंमत नाही. चरबी जास्त पडली म्हणून कोणी कुरकुर केली तर मी म्हणते, घरी जा अन् भेंडी खा.

मंग हे मी काऊन सांगून राह्यली? तर ज्या आजारानं माझं बोट खाल्लं, तो आजार लवकर ओळखूच येत नाही. मले कोणी आधी सांगतलं असतं तर मी ऐकलं असतं, असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. मी नसतंच ऐकलं. पण एखादी ऐकणारी असंल, तिच्यासाठी सांगते.

पांढरी बोटं

घाटावरची थंडी वाईट. सकाळी टाकीतल्या पाण्यात हात घातला की माझी बोटं पांढरी पडायची. पांढरी म्हणजे कशी, बकऱ्याच्या सांध्यातलं कुरकुरीत हाड असते तशी. पेरापासून पुढं रक्तच नाही. दाबलं तरी कळायचं नाही. मंग निळी व्हायची, अन् मंग लाल. लाल होताना अशी आग उठायची की मी दात खाऊन शिव्या द्यायची. थंडीले द्यायची, बुढ्याले द्यायची, समोर येईन त्याले द्यायची.

पहिले वाटलं पाण्यानं होते. मंग वाटलं अंगात रक्त कमी झालं. शेजारणी म्हणल्या, वय झालं आता, व्हायचंच. मी तंबाखूची मिश्री घासायची अन् कामाले लागायची. मिश्री लावली की जीवाले बरं वाटायचं. तीच मिश्री माझ्या बोटातल्या नसा अजून आवळून राह्यली, हे मले लय उशिरा कळलं.

दोन हिवाळे गेल्यावर बोटाच्या शेंड्यावर कडक गाठी यायले लागल्या. फुटल्या की आतून चुन्यासारखं पांढरं निघायचं. मी सुरीच्या टोकानं ते कोरून काढायची अन् हळद भरायची. बुढा म्हणायचा, कांते, दाखव ना कोणाले. मी म्हणायची, तू बकरे पाहा.

ऊब

आता जे सांगते ते आमच्यातल्याच लोकाईले बरोबर समजंल. बकरा फाडला की पोटातून वाफ निघते. थंडीत ती डोळ्यांनी दिसते. आमच्या बाया हात गारठले की आतड्याखाली, वजडीपाशी हात खुपसतेत. माझ्या सासूनं मले तेच शिकवलं, तिले तिच्या सासूनं. चूल चटका देते, पाणी निवून जाते. पोटातली ऊब तशी नाही. ती सगळीकडून सारखी लागते अन् लय वेळ राहते.

मी मनगटापर्यंत दोन्ही हात घालायची अन् डोळे मिटून उभी राहायची. हळूहळू बोटात रक्त उतरायचं. आग उठायची, पण ओली ऊब असली की तीही कमी लागायची. हात बाहेर काढले की लाल, जिवंत. मंग सत्तूर घ्यायचा अन् दुपारपर्यंत मागं पाहायचं नाही. रोज एक बकरा मरायचा अन् माझी बोटं जगवायचा. मले दुसरी दवा कायले पाह्यजे होती?

ज्योतीनं हे पाह्यलं तेव्हा ती दारातच थांबली. ज्योती माझी सून. देऊळगाव राजाकडची, खाटकाच्याच घरची, पण बापानं शिकवायच्या नादात सत्तुराले हात लावू दिला नाही. लग्नानंतर पहिल्या रविवारी दुकानात आली अन् रक्त पाहून चक्कर येऊन पडली. गिऱ्हाइकांनी उचलली तिले. माझा पोरगा पुण्याले कंपनीत, महिन्यातून एकदा घरी येणार, अन् ही रक्ताले भिणारी माझ्या पदरात टाकून गेला. मी तिले भाजी चिरायले बसवलं होतं.

ती म्हणली, "आत्या, त्या हातावर जखमा आहेत. त्यात घाण जाईल. दवाखान्यात चला."

मी म्हणलं, "तू पहिले रक्त पाहून उभी राहायले शीक. मंग मले शिकव."

रशीदभाईनंही टोकलं होतं. त्याचा माझा उठता बसता वाद चालते, पण माणूस मनाचा साफ आहे. सुरी पुसता पुसता म्हणला, "भाभी, फुटलेला हात आतड्यात नका घालू. गंदगी राहते त्यात."

"तू तुझी सुरी पाहा," मी म्हणलं. असं दोघाईले गप्प केलं अन् मी माझा हात घालतच राह्यली.

महारोग

रविवारची गर्दी होती. गावातलाच एक माणूस, नाव घेत नाही त्याचं, माझ्या बोटाकडे पाहत राह्यला. मंग मागच्याले म्हणला, मले ऐकू येईन असं, "हिले महारोग लागला. हिच्या हातचं कोण खाईन?"

मी ठोकळ्याले वळसा घालून कधी बाहेर आली ते मले आठवत नाही. त्याची कॉलर माझ्या डाव्या हातात होती अन् उजव्यात सत्तूर. त्याचा हात मी ठोकळ्यावर दाबून धरला. सत्तूर हाणला तो त्याच्या करंगळीच्या बाजूले, लाकडात रुतला. आमचा बुढा मधात पडला म्हणून, नाही तर मी आज हे जेलातून सांगितलं असतं. त्या माणसाची चप्पल तिथंच राह्यली. मी ती नालीत फेकली.

बरं वाटलं मले. खोटं कायले बोलू. पण पुढच्या रविवारी निम्मे लोक आले नाहीत. लोकं उंद्रीच्या बाजारातून मटण आणतो म्हणायले लागले. आमच्या दारावरून, पिशवी पाठीमागं लपवून जायचे. मी आतून पाहायची अन् माझं डोकं ठणकायचं.

बोट

अन् मंग ते झालं. बरगडीच्या चापा तोडून राह्यली होती. डाव्या हातानं मटण धरलेलं, उजव्यानं घाव. थंडी होती, डावी बोटं पांढरी पडलेली. मी तोडत गेली. समोर शाळेवरच्या बाई उभ्या होत्या, आमचं दुकान न सोडलेल्या थोड्या गिऱ्हाइकांतल्या. त्या म्हणल्या, "कांताबाई, हे मटण रक्त काऊन सोडून राह्यलं?"

मटणाच्या दुकानात रक्त कोणाले दिसते? पण त्या बरोबर बोलल्या. बकऱ्याचं रक्त तर सकाळीच निथळून गेलं होतं. मी खाली पाह्यलं. माझ्या अंगठ्याजवळच्या बोटाचा शेंडा कातड्यावर लटकत होता. त्याच्यावर मी अजून दोन घाव घातले होते, बाजूले पडले म्हणून बरं. काहीच दुखत नव्हतं. मुंगी चावल्याइतकंही नाही.

मी आयुष्यात लय गोष्टीले भ्यायली नाही. त्या न दुखण्याले मी भ्यायली.

गावातल्या डॉक्टरनं टाके घातले, पाणी लावू नका म्हणला. मी पाणी नाही लावलं. टाके ओले असतानाच मी पट्टी काढून तो हात बकऱ्याच्या पोटात घातला. बोट परत गार पडून राह्यलं होतं, काळंनिळं दिसत होतं, अन् मले एकच दवा माहीत होती. ऊब लागली, रंग थोडा आला, मी खूश झाली. रशीदभाईनं पाह्यलं. तोंड फिरवून निघून गेला.

त्याच्यानंतर बोट काळं पडलं. मंग हात सुजला. दंडावर लाल रेघ चढत गेली. अंगात ताप असा भरला की मी खाटेवरून बुढ्याच्या मेलेल्या मायले शिव्या देत होती म्हणे. ज्योतीनं गाडी बोलावली. मी जायले तयार नव्हती. त्या पोरीनं मले चादरीत गुंडाळली अन् बुढ्याच्या मदतीनं गाडीत घातलं. मी तिच्या मनगटाले चावली. त्याचा वण अजून आहे.

अकोला

बोट वाचलं नाही. हात बधिर करून, मले जागी ठेवून त्याईनं काढलं. मधात पडदा लावला होता, पण कान तर उघडे होते. हाड तुटल्याचा आवाज मी जन्मभर ऐकत आली. पहिल्यांदा तो माझ्या हाडाचा ऐकला. मी वरच्या पंख्याकडे पाहत राह्यली अन् माझ्या डोळ्यातून पाणी कानात जात राह्यलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनवाला डॉक्टर आला. म्हणला, "जखमेत जनावराच्या आतड्यातले जंतू निघाले. हात कुठं घातला होता?"

मी म्हणलं, "विहिरीवर धुणं धुतलं."

पलंगाच्या पायाशी ज्योती उभी होती. ती म्हणली, "खोटं आहे. बकऱ्याच्या पोटात घालतात. रोज. जखमा असल्या तरी."

मी उठून तिच्या तोंडात मारली. सगळ्या वार्डासमोर. उजव्या हातानं, पूर्ण ताकद लावून. माझ्या उजव्या बोटांचे शेंडेही तडकलेले होते, ते फुटले, अन् तिच्या गालावर माझं रक्त लागलं. ती रक्त पाहून चक्कर येणारी पोरगी. ती पडली नाही. तिनं गाल पुसलाही नाही. डॉक्टरकडे पाहून तिनं पुढचं सांगून टाकलं. बोटं किती वर्षांपासून पांढरी होतात, चुना निघतो, मिश्री घासतात, भाकर गिळताना छातीत अडकते अन् वर पाणी पितात. हे शेवटचं तर मी कोणाले सांगतलं नव्हतं. तिनं जेवताना पाह्यलं होतं.

त्या भाकरीच्या गोष्टीवरून डॉक्टरनं मान हलवली अन् दुसऱ्या डॉक्टरीणबाईले बोलावलं.

गाठ

ही संधिवाताची डॉक्टरीण. बारीक बाई, चष्मा, आवाज हळू. तिनं माझ्या हाताआधी तोंडच पाह्यलं. गालावर, ओठावर लाल ठिपके होते. मले वाटायचं मिरची जास्त खाल्ली. ती म्हणली, "तोंड उघडा. अजून. अजून उघडा."

ते अजून उघडतच नव्हतं. माझं तोंड आवळून गेलं होतं अन् मले पत्ताच नव्हता. दुनियेले तोंड वर करून बोलणारी मी, माझंच तोंड लहान होऊन राह्यलं होतं.

रक्त काढून नेलं. रिपोर्ट आला त्या दिवशी ती आमच्या तिघाईले घेऊन बसली. मोबाईलवर एक फोटो दाखवला. काळ्या अंगणात हिरवे गोल, अन् त्या गोलात बारीक बारीक चमकणारे ठिपके. म्हणली, "ह्या पेशी आहेत. पेशीत धागे असतात. एका पेशीच्या दोन होताना ते धागे वाटून द्यायचे असतात. प्रत्येक धाग्यावर एक जागा असते, गाठीसारखी, तिथं धरून त्याची वाटणी होते. तुमच्या रक्तात असा एक पदार्थ तयार झालाय जो नेमका त्या गाठीला ओळखतो आणि तिला चिकटतो. हे ठिपके म्हणजे त्या गाठी. तुमचं रक्त टाकल्यावर दिसायला लागल्या."

"पेशी माझ्या आहेत?"

"नाही. प्रयोगशाळेतल्या आहेत. दुसऱ्या माणसाच्या."

मी विचारलं, "बकऱ्यालेही ती गाठ असते?"

बुढ्यानं माझ्याकडे पाह्यलं, आता हे काय मधात, असं. पण डॉक्टरीण हसली नाही. म्हणली, "असते. बकरा, गाय, उंदीर, माणूस, त्या गाठीतला काही भाग सगळ्यांत जवळजवळ सारखाच असतो. तुमचं रक्त बकऱ्याच्या पेशीवर टाकलं तरी ते ओळखेल."

 जन्मभर बकरा वेगळा, मी वेगळी, मधात ठोकळा. अन् माझ्या रक्ताले तो फरक कळतच नव्हता.

मंग मी म्हणलं, "तर हाच हरामखोर माझं बोट खाऊन राह्यला. याले मारायचं औषध द्या."

ती म्हणली, "खरं सांगू का? नसा हाच आवळतो, असं आम्हाला खात्रीनं सांगता येत नाही. हा सापडला म्हणजे आजार कोणता ते कळतं, कातडी आणि नसा आवळत नेणारा. तुमचं शरीर स्वतःवरच उठलंय, त्याची ही खूण आहे. खुणेला मारून काय होणार?"

माझा असा संताप झाला. मले कोणीतरी पाह्यजे होतं. ज्याची कॉलर धरता येईन, ज्याच्या बाजूले सत्तूर रोवता येईन. महारोग असता तर गोळ्या खाऊन बरी झाली असती, त्याच्यावर दवा आहे. याच्यावर मुळातून बरं करणारी दवा नाही. सांभाळायचं, बस. नसा सैल ठेवायच्या गोळ्या, दरसाली छातीची, फुप्फुसाची तपासणी, अन् थंडीपासून दूर.

शेवटी ती म्हणली, "डाव्या हाताचं एक बोट गेलं. उजव्या हाताची बोटंही त्याच वाटेवर आहेत. थंड पाणी, थंड मांस, मिश्री, सगळं बंद. हिवाळ्यात ठोकळ्यावर उभ्या राहिलात तर सत्तूर धरायला हात उरणार नाही."

"मंग सत्तूर कोण धरंल?"

"ते मी कसं सांगू," ती म्हणली.

वार्ड

वार्डात सकाळी झाडूवाली यायची, मंग चहा, मंग सुई. हातात सलाईन लावून नसा उघडायची दवा सोडायचे. ती सुरू झाली की डोकं फुटायचं अन् तोंड लाल व्हायचं. बाजूच्या पलंगावर वरवट बकालची एक बुढी होती, गुडघ्याची. तिची गरम पाण्याची पिशवी ती मले द्यायची अन् स्वतःच्या गुडघ्यावर नुसता हात फिरवत बसायची. मी नाही म्हणलं तर म्हणायची, "घे वं माय. माझा गुडघा काही पळून जात नाही." तिचे उपकार मी विसरणार नाही.

ज्योती खाली जमिनीवर चटई टाकून झोपायची. आमच्यात बोलणं नव्हतं. तिच्या गालावर माझी बोटं उठली होती. एका दुपारी ती मले भाताची पेज चमच्यानं भरवत होती, मी मुकाट्यानं खात होती. मले वाटत होतं काही बोलावं, पण मले ते बोलणं येत नाही. मंग तीच म्हणली, "हात राहिला तर अजून मारा. पण पहिले हात राहू द्या."

मी पेज संपवली. रात्री तोंडावर चादर घेऊन रडली.

एक गोळी अशी होती की बुढा चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेला अन् तसाच परत आला. कान लाल. ती गोळी म्हणे माणसं दुसऱ्याच कामासाठी घेतेत. दुकानदार गालात हसला अन् म्हणला, काका, या वयात? बुढा लाजून पळाला. ज्योतीनं चिठ्ठी हिसकून घेतली. परत आली तेव्हा गोळ्या हातात होत्या. मी विचारलं काय म्हणली त्याले. "म्हणलं, माझ्या सासूच्या बोटासाठी आहेत. हसायचं तेवढं हसून घ्या, मग द्या."

मी हसली. तोंड आवळलेलं, तरी हसली. बुढा भिंतीकडे तोंड करून बसला होता.

सत्तूर

घरी आल्यावर खरी मारामारी सुरू झाली. मिश्री सोडली तर माझं डोकं जागेवर राहीना. मी ताटं फेकली, बुढ्याले ओरबाडलं, पुण्याहून आलेल्या पोराले म्हणलं, तू मेला असता तर बरं. हे आजारपणात होते. कोणी सांगत नाही, पण होते. घरात ज्याले सोसता येते त्याच्यावरच माणूस तुटून पडते.

बुढा ठोकळ्यावर उभा राह्यला तर हाडाचा चुरा करायचा. गिऱ्हाईक परत जायले लागलं. मंग ज्योती म्हणली, मी करते. पहिल्या दिवशी दोनदा मोरीवर जाऊन ओकून आली, तोंड धुतलं, परत उभी राह्यली. मी खुर्चीवर बसली होती, हातमोजे घालून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, देवळातल्या दगडासारखी. अन् तोंड चालू. "हाड तोडून राह्यली का कांडून राह्यली? सांध्यावर पाह्य. माय वं, काय धरलं आहे ते, लाटणं आहे का?"

ती रोज उभी राहायची. तिचा हात बसत गेला. एका रविवारी तिनं मांडीचा तुकडा एका घावात साफ काढला अन् समोरचा माणूस म्हणला, "वा, सासूपेक्षा भारी."

माझं डोकं फिरलं. मी पिशवी फेकली, मोजे काढले, जाऊन तिच्या हातातून सत्तूर ओढला. ती सोडेना. मी तिले खांद्यानं ढकललं, सत्तूर हिसकला अन् वर उचलला, ह्याले दाखवते म्हणून. वर गेला तेव्हाच मले कळलं, बोटं पांढरी पडली होती. मुठीत काहीच नव्हतं. सत्तूर सुटला. तो माझ्या अन् ज्योतीच्या मधात पडला. तिच्या पायाच्या अंगठ्याजवळ, फळीत उभा रुतला, अन् थरथरत राह्यला.

 ज्योती पायाकडे पाहत होती, मी तिच्या पायाकडे पाहत होती. त्या पायाचा अंगठा लाल होता, गरम असंल. माझं बोट गेलं तेव्हा मले दुखलं नव्हतं. तिले दुखलं असतं.

मी जाऊन खुर्चीवर बसली. ज्योतीनं सत्तूर काढला, पाण्यानं धुतला अन् समोरच्या माणसाले विचारलं, "किती देऊ?" त्या दिवसापासून मी सत्तूर धरला नाही.

परत थंडी

मंग थंडी परत आली. मले घरातच राहा म्हणत होते सगळे, पण मी घरात राहून काय करू, भिंती तोडू? मी दुकानात खुर्चीवर बसायची. कानटोपी, दोन स्वेटर, मोजे. रशीदभाई म्हणायचा, "भाभी, काश्मीरले चालल्या काय?"

एका सकाळी धुकं होतं. मी मोजे काढून तराजूची बिडाची मापं पुसली, जरा वेळच. गार लोखंड हाताले लागलं अन् उजव्या हाताची तीन बोटं सरसर पांढरी पडली. गरम पाण्याची पिशवी घरी राह्यली होती. तिकडे रशीदभाईनं सुरी फिरवली होती, ज्योतीनं बकरा टांगून पोट फाडलं होतं. वाफ निघत होती.

मी उठली. मले कोणी उठवलं नाही, माझे पायच उठले. इतक्या वर्षांची सवय ती. बोटाच्या शेंड्याले तेव्हाही एक जखम होती, बुजत आलेली. मले ती माहीत होती. डॉक्टरीणबाईचं बोलणंही माहीत होतं. पण ऊब समोर होती अन् माझा हात मेलेला होता. मी हात पुढं केला.

ज्योतीनं सत्तूर ठोकळ्यावर आपटला. माझं मनगट धरलं, ज्याच्यावर मी चावली होती त्याच हातानं. अन् तिनं माझा हात ओढून तिच्या स्वेटरच्या आत, काखेत खुपसला अन् दंड आवळून घेतला. गिऱ्हाईक समोर, रशीदभाई समोर, बुढा समोर.

"सोड वं," मी म्हणलं.

"नाही."

"लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या. मी काय बकऱ्यापेक्षा थंड आहे?"

मी हात ओढला. ती लहानशी पोरगी, पण सहा महिने सत्तूर चालवून तिचा दंड माझ्यासारखा झाला होता. हात निघाला नाही. हळूहळू बोटात रक्त उतरायले लागलं. बकऱ्याच्या पोटात ते असं नाही उतरायचं. इथं आतून कोणाचं तरी काळीज धडधडत होतं अन् मले ते बोटाले लागत होतं. मंग आग सुटली. अशी आग की माझ्या तोंडातून तिच्या बापापासून आज्यापर्यंत सगळ्या शिव्या निघाल्या. ती तिच्या भाषेत मले परत देत होती, पहिल्यांदाच. रशीदभाईनं मान खाली घालून सुरी पुसायले घेतली. एक गिऱ्हाईक म्हणलं, ताई, माझं तेवढं आधी. ज्योती त्याच्यावर ओरडली, "थांबा जरा, आमचा हात चालू आहे."

आमचा म्हणली ती. मी शिव्या देतच राह्यली, अन् तिनं काही हात सोडला नाही.